अबाउट छातीभर

आमच्या घरी वर्षातले अबाउट पाच महिने भात शिजत असे. हा 'अबाउट' माझा नव्हे, आमच्या शेजारच्या लटारूकाकांचा. माय चुलीपुढे लाखोळीची भाजी ढवळत बसलेली असायची आणि काका दाराच्या चौकटीला टेकून विचारायचे, "वहिनी, औंदा धान अबाउट पाच महिने पुरन का?" माय म्हणायची, "तुमचा अबाउट घाला चुलीत. चार पुरला तरी देव पावला." काका थोडा विचार करून म्हणायचे, "मंग निअरली पाच म्हनू." आणि माय हसायची. त्या दिवसांत तिला हसवणारं दुसरं काही आमच्या घरात नव्हतं.

भात संपला की कोदोची पेज, ती संपली की उकडलेली मोहफुलं. हे लिहायला मला लाज वाटत नाही. आमच्या घराण्यात स्वतःची सही करणारा मी पहिला, बी.ए. होणाराही पहिलाच, आणि हे शरीर मोहफुलांवर वाढलेलं आहे. धान आमच्याकडे पिकत नव्हता असं नाही. भादव्यापर्यंत आमच्या चार बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं, गावातल्या कोणाच्याही बांध्यांइतक्या हिरव्या असत. मग पाऊस ओढ घेई, धान गर्भात येई, आणि नेमकं त्या वेळी लागणारं पाणी आमच्यापर्यंत पोचत नसे. आमच्या बांध्या गावतलावाच्या शेपटाला, म्हणजे पाणी सगळ्यात शेवटी पोचतं तिथं होत्या. लोंबी बाहेर पडायची ती पोकळ. बा तिला चिमटीत धरून दाबायचा, काही निघायचं नाही, आणि तो हात झटकून पुढच्या बांधीत जायचा. तिथंही तेच.

आमचं गाव नवेगावच्या बाजूला, जंगलाला पाठ लावून बसलेलं. गावापेक्षा तलाव मोठा. तलावाच्या बांधाला आम्ही पाळ म्हणतो. तिला दोन तुडुम, म्हणजे पाणी सोडायची दगडी तोंडं. वरच्या तुडुमाचं पाणी मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या मालकाच्या, आणि बड्या कास्तकारांच्या बांध्यांना, खालच्याचं आम्हा शेपटाकडच्या एकोणीस घरांना. कोणाला कधी आणि किती वेळ पाणी द्यायचं ते बघणारा माणूस म्हणजे पाणकर. लटारूकाका गावचे पाणकर, त्यांचा बाप पाणकर, आजाही पाणकर. ज्या कोहळी जातीच्या लोकांनी तो तलाव बांधला त्यांच्यातलंच हे घर. अंगानं काटक, रंगानं तव्यासारखे, आणि उंची अशी की बैलाच्या वशिंडापलीकडचं त्यांना टाच उचलल्याशिवाय दिसत नसे.

या उंचीवर आमचं पोट अवलंबून होतं, हे सांगितलं तर परगावचा माणूस हसेल. पण तसंच होतं. तुडुमाजवळ पाण्याखाली एक सपाट दगड आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गाव पाळीवर जमायचं. काका धोतर खोचून त्या दगडावर उतरायचे आणि गावाकडे तोंड करून उभे राहायचे. पाणी कमरेला लागलं तर त्या साली फक्त वरच्या बांध्यांना पाणी. छातीला लागलं तर खालचा तुडुमही उघडायचा, धान गर्भात आला की आठ दिवस. पट्टी नाही, कागद नाही. पाण्यात उभा राहिलेला पाणकर हेच माप. काका उभे राहून दोन्ही हात वर करायचे आणि सांगायचे, अबाउट छातीभर. मग शेपटाकडच्या बाया पदराआड हसू दडवत घरी जायच्या.

मी सात-आठ वर्षांचा असताना जुना मालगुजार वारला. मुलगा शहरात राहायचा, त्यानं कारभार दिवाणजींच्या हाती दिला. दिवाणजी गोंदियाकडचे, बोलणं हिंदी, वागणं गोड. त्यांनी एवढंच सांगितलं की खालच्या तुडुमाचं पाणी ही जुन्या मालकाची मेहरबानी होती. मालक गेले, मेहरबानी गेली. खालच्या तुडुमाचा लाकडी दट्ट्या त्यांनी आतून चिखल-दगडानं बुजवून टाकला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दगडावर उतरण्याची रीत मात्र कोणी मोडली नाही. काका दर साली उतरत राहिले. पाणी छातीला लागायचं, ते हात वर करायचे, आणि पाळीवरचं कोणी काही बोलायचं नाही. काकाही नाहीत. पाणकराचा धान मालगुजाराच्या कोठारातून मिळायचा.

आता त्यांच्या इंग्रजीबद्दल. संवत छप्पनच्या, म्हणजे इसवी एकोणीसशेच्या दुष्काळानंतर सरकारचे लोक आमच्या भागातले तलाव मोजत फिरत होते. काका तेव्हा ऐन जवान. एका गोऱ्या साहेबाच्या हाताखाली त्यांना फुटांच्या खुणांची उंच पट्टी सरळ धरून उभं राहायचं काम मिळालं. तिला साहेब स्टाफ म्हणे, आणि काका जन्मभर इस्टाप म्हणत. दोन हिवाळे त्यांनी ती पट्टी धरली. साहेब दुर्बिणीतून बघायचा आणि ओव्हरसियरला काहीतरी सांगायचा, आणि ते सांगणं दिवसभर कानावर पडून पडून काकांना जे काही इंग्रजी आलं ते सगळं अंदाजाचं. अबाउट, निअरली, ऑर सो, मोर ऑर लेस, रफली, से. शिवाय उंचाला हाय, ठेंगण्याला लो, पट्टीवरचे आकडे, यस सर आणि नो सर. बाकी एक शब्द नाही. "गुड मॉर्निंग" त्यांना ठाऊक नव्हतं. काका सांगत, साहेब सकाळी बोलतच नसे.

पण हे शब्द त्यांनी पोपटासारखे उचलले नव्हते. प्रत्येकाची जागा त्यांनी ठरवली होती, आणि बी.ए.ला इंग्रजी घेऊनही मला ती इतकी नेमकी कोणी शिकवली नाही. स्वतःच्या डोळ्यानं पाहिलेलं, पण मोजलेलं नाही, ते अबाउट. जे अजून पोचलं नाही पण पोचणार आहे, ते निअरली. बोलून गेल्यावर मन खायला लागलं की मागून जोडायचं ते ऑर सो. रफली म्हणजे साहेबाच्या जेवणाच्या आधी केलेलं काम. आणि दोघं भांडत असले तर मधे टाकायचं ते मोर ऑर लेस. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडणाऱ्या दोन भावांच्या मधे उभं राहून "मोर ऑर लेस, बाबूहो, मोर ऑर लेस" म्हणताना मी त्यांना पाहिलंय. भावांना अर्थ कळला नाही, पण भांडण थांबलं. इंग्रजीत निकाल लागला असं त्यांना वाटलं असावं.

या सगळ्यात एक शब्द त्यांना फार आवडायचा. से. म्हणजे 'समजा'. साहेब म्हणायचा, "से, फोर फीट," आणि तिथं खुंटी ठोकली जायची. काका मला समजावत, "पायजो बाबू, त्याले बी मालूम नाई राहे. पन से म्हनल्याबिगर खुटी कोठी ठोकाव? म्हनून से म्हनाव, अना ठोकाव. चुकली त उपटाव."

एकदा आमच्याकडे आत्याला पाहायला आमगावकडची पाहुणे मंडळी आली. काका त्यांना रेल्वेच्या ठेसनावरून आणायला गेले होते. वाट किती, असं पाहुण्यांनी विचारलं. काका म्हणाले, अबाउट पाच कोस. दुपारी निघालेली माणसं दिवे लागता लागता पोचली, पाय सुजलेले. त्यांच्यातला एक म्हातारा ओसरीवर टेकत म्हणाला, "का जी पाणकर, तुमचा कोस गाभण होता का?" काका शांतपणे म्हणाले, चिखलात कोस फुगते. म्हातारा इतका हसला की लग्न तिथंच ठरलं. आत्या अजून म्हणते, माझं लग्न अबाउटवर झालं.

पण एका गोष्टीला ते यातला कोणताच शब्द लावत नसत. कोणी विचारलं, पोरं किती, तर सांगायचे, "पाच झाले, दोन रायले." एकदा मी, नुकतं इंग्रजी शिकू लागलेलं पोर, गमतीनं म्हणालो, म्हणजे अबाउट तीन गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. म्हणाले, "पानी अबाउट राहते, बाबू. वाट अबाउट राहते. मानूस नाई."

मी आमगावच्या शाळेत शिकलो. एका किराणावाल्याच्या घरी पाणी भरून, त्याच्या पडवीत झोपून. पुढे नागपूरला कॉलेजात. बी.ए.चा निकाल लागला आणि मी गावी आलो, तेव्हा काका पाळीवरून ओरडले, "का जी बीए, रफली पास का पुरा?" मी म्हणालो, पुरा. पुढे त्यांनी मला नावानं हाक मारणं सोडलंच. बीए.

त्याच हिवाळ्यात आमच्या गावात बंदोबस्ताची चौकशी यायची होती. वीस-तीस वर्षांतून एकदा सरकारी साहेब गावोगाव फिरून जमिनीची, साऱ्याची आणि गावच्या वहिवाटीची नोंद करून घेतात. कोणाची वाट, कोणाचं चराऊ रान, तलावाचं पाणी कोणाला. जे कागदावर चढलं ते पुढच्या बंदोबस्तापर्यंत पक्कं. जे चढलं नाही ते गेलं. शेपटाकडच्या एकोणीस घरांना हे मी घरोघरी जाऊन समजावलं. आत्ता नाही तर आपल्या हयातीत नाही. सगळ्यांनी अंगठे दिले. अर्ज लिहायचा मी.

साक्ष लागणार होती ती काकांची. मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा ते अंगणात चटई विणत बसले होते. मी स्पष्टच विचारलं, साहेबापुढे येऊन सांगाल का? त्यांनी विणणं थांबवलं नाही. म्हणाले, "बारा वर्सं त्या दगडावर उभा राहून राहिलो, अना तोंड बंद ठेवलो. दिवाणजीचा धान खातो ना गा." मी म्हणालो, ते मला ठाऊक आहे, पण येणार की नाही? चटईची एक ओळ पुरी करून ते म्हणाले, "से, येतो." मला राग आला. एकोणीस घरांचा प्रश्न, आणि हा माणूस हो म्हणत नाही की नाही म्हणत नाही.

मी अर्ज वाचून दाखवला. त्यात एक वाक्य होतं, की तुडुमालगतच्या दगडावर पाणी चार फूट तीन इंच चढलं म्हणजे खालचा तुडुम आठ दिवस उघडण्याची वहिवाट आहे. काकांनी हात थांबवला. तीन इंच कुठून आले, विचारलं. मी सांगितलं, छातीभर म्हणजे किती ते मी शिंप्याकडची टेप लावून मोजलंय. साहेबाला छातीभर कळत नाही, त्याला आकडा लागतो.

"अबाउट लिव," काका म्हणाले.

मी जे उत्तर दिलं ते इथं लिहिलंच पाहिजे, नाहीतर हे चित्र खोटं होईल. मी म्हणालो, "काका, अबाउट हे अडाण्याचं माप आहे. दोन हिवाळे पट्टी धरली म्हणून इंग्रजी येत नाही. सरकारी कागद आहे हा."

ते माझ्याकडे पाहत राहिले. "साहेब बी अबाउटच म्हने गा," एवढं बोलले. मग चटईत मान घालून म्हणाले, "तीन इंच कोनं पायले?"

मी अर्ज घडी करून उठलो. अर्जात अबाउट घातला नाही.

साहेबाचा तंबू पाळीखालच्या आंब्याखाली पडला. साहेब गोरा, वयानं फार नाही, चेहऱ्यावरून थकलेला. टेबलावर कागद, बाजूला कारकून. एकीकडे दिवाणजी पांढरीशुभ्र टोपी घालून, दुसरीकडे आम्ही. बायाही आल्या होत्या, त्या पाळीवर बसल्या. काका आलेले होते, पण आमच्यात नव्हे, दिवाणजींच्या माणसांतही नव्हे. मधे, गुडघ्याला मिठी मारून बसलेले.

साहेबानं अर्ज वाचला, मला उभं केलं. मी इंग्रजीत बोललो आणि चांगलं बोललो. बाची मान ताठ झालेली मला दिसली. मग दिवाणजींची पाळी. त्यांनी माझं काहीही खोडून काढलं नाही. फक्त एवढंच म्हणाले, अर्जात पाण्याची उंची चार फूट तीन इंच लिहिली आहे, तर तलावाचा सांडवा त्या दगडापेक्षा किती उंच आहे तेवढं हुजूरांनी मोजून घ्यावं. साहेबाच्या माणसांनी मोजलं. सांडवा चार फुटांवर होता.

दिवाणजी हात जोडून म्हणाले, "हुजूर, पानी चार फूट पर बाहर गिर जाता है. सवा चार कैसे होगा? जो कभी हो नहीं सकता, उसकी वहिवाट कैसी?"

आकडा खरा होता, मी स्वतः मोजला होता, आणि आता तोच आमच्या नरड्याला लागला होता. साहेबानं मला विचारलं, हे कसं? मी तोच आकडा पुन्हा सांगितला. साहेबानं अर्जावर टाक ठेवला. तो काय लिहिणार ते सगळ्यांना दिसत होतं. पाळीवर कोणीतरी बाई बोलायला लागली, तिला दुसरीनं गप्प केलं.

तेव्हा काका उठले. दिवाणजींनी त्यांच्याकडे न बघता हळूच म्हटलं, "लटारू, सोच के." काकांनी विचार केला की नाही कोण जाणे. अंगातली बंडी काढली, घडी करून बाच्या हातात दिली आणि उघड्या अंगानं टेबलापुढे जाऊन उभे राहिले.

"सर," ते म्हणाले, आणि आधी माझ्याकडे बोट केलं. "बाबू हाय." मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "मी लो."

साहेबाला कळलं नाही. मलाही क्षणभर कळलं नाही. मग कळलं. नागपुरात, शिंप्याच्या दुकानात, मी पायापासून टेप लावली होती ती माझ्या छातीपर्यंत. दगडावर कधी उभा न राहिलेल्या माणसाच्या छातीपर्यंत. मी काकांपेक्षा वीतभराहून जास्त उंच. गावात तीन पिढ्या जे माप चाललं ते त्या बुटक्या घराण्याच्या छातीचं होतं, आणि मी एवढा शिकलेला माणूस, कोणाची छाती हे विचारायचंच विसरलो होतो.

मी साहेबाला ते सांगितलं. मग गावालाही मराठीत सांगितलं. सगळा गाव हसला. दिवाणजींची माणसंही हसली. साहेब हसला नाही. तो खुर्चीवरून उठला आणि म्हणाला, चला.

त्या दिवसांत पाणी उतरलेलं होतं. दगडावर जेमतेम घोटाभर. काका दगडावर चढले आणि नेहमीसारखं गावाकडे तोंड करून उभे राहिले. साहेबाच्या माणसानं फुटांची पट्टी आणून त्यांच्या शेजारी टेकवली. ती जरा कललेली काकांना दिसली. त्यांनी न बोलता हात लावून ती सरळ केली. तो हात बघून साहेबानं पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. पूर्वी हे काम केलंय का, असं त्यानं माझ्याकरवी विचारलं. काका म्हणाले, "यस सर. टू हिवाळे, ऑर सो."

साहेबानं विचारलं, पाणी नक्की कुठं लागतं, बोट ठेवून दाखव. काकांनी बोट ठेवलं नाही, अख्खा पंजा छातीवर आडवा ठेवला. "अबाउट, सर," ते म्हणाले. मग मराठीत मला म्हणाले, "सांग त्याले, पानी हालते. बोटावर नाई राहत."

मी सांगितलं. पट्टीवर पंजाचा मधला भाग साडेतीन फुटांना आला. सांडव्याच्या चांगला अर्धा फूट खाली.

दिवाणजींनी सोडलं नाही. याच्या बापाची, आज्याची उंची काय होती, ते कोणी पाहिलंय, असं त्यांनी विचारलं. काकांनी साहेबाकडे बघून उत्तर दिलं, "माझा बाप, मोर ऑर लेस मी." आता मात्र साहेबाच्या मिशीखाली काहीतरी हललं. दहा वर्षांत किती वेळा एवढं पाणी येतं, त्यानं विचारलं. काका आकाशाकडे बघून बोटांवर मोजत राहिले. "सेव्हन," ते म्हणाले, आणि जरा थांबून, "निअरली एट." एट-सेव्हन त्यांना पट्टीवरच्या आकड्यांमुळे येत होते.

शेवटी साहेबानं विचारलं, आणि खालचा तुडुम किती दिवस उघडा राहायचा?

"आठ दिवस," काका म्हणाले.

मी इंग्रजीत सांगितलं. साहेब काही क्षण वाट बघत राहिला, मागून एखादा ऑर सो येतो का म्हणून. तो आला नाही.

"बारा वर्सं झाले, बंद आहे," काका पुढे म्हणाले. "मी पाणकर होतो अना बोललो नाई. हे बी लिवा." त्यांनी हे माझ्याकडे बघून म्हटलं, साहेबाकडे नाही. मी ते वाक्य शब्दाला शब्द इंग्रजीत सांगितलं. माझ्या सगळ्या इंग्रजीत मला इतकं कठीण वाक्य कधी आलं नव्हतं.

टेबलाजवळ परत आल्यावर साहेब मला बाजूला घेऊन जे बोलला ते मी विसरलो नाही. तो म्हणाला, तुझा अर्ज मी फेकणार होतो. ज्या पाण्याला कोणी पट्टी लावली नाही त्याचे इंच सांगणारा माणूस एकतर मूर्ख असतो नाहीतर खोटारडा. हा म्हातारा अबाउट म्हणतो, कारण त्यानं ते पाहिलेलं आहे. मी मान खाली घालून यस सर म्हणालो. दोन्हीपैकी मी कोण होतो हे त्यानं विचारलं नाही, हे त्याचे उपकार.

तंबूतून परतताना काकांच्या बाजूनं चालत होतो. माफी मागायची होती, पण आमच्या भागात कोणी कोणाची शब्दांनी माफी मागत नाही. मी म्हणालो, काका, बंडी घाला, थंडी आहे. ते म्हणाले, "बीए, तू त लयच हाय निंगालास गा." आणि हसू लागले. मग मीही हसलो. वाटेत त्यांनी मला सांगितलं ते असं: जेवढं आपल्याला खरंच ठाऊक, तेवढंच पक्कं बोलावं. उरलेल्याला अबाउट म्हणायला लाजू नये. पण जे पक्कं आहे त्याला मात्र भिऊन अबाउट म्हणू नये. "म्या बारा वर्सं तेच केलो," ते म्हणाले.

आठवड्याच्या आत दिवाणजींनी त्यांचं पाणकरपण काढून घेतलं. मालगुजाराच्या कोठारातला धान बंद झाला. मी घाबरलो होतो, काका नाही. शेपटाकडच्या एकोणीस घरांनी बैठक घेतली आणि ठरवलं, घरटी एक कुडव माप धान लटारूला. वरच्या आळीतल्याही चार घरांनी दिला, दिवाणजींना न सांगता. काकांनी मोजून पाहिला आणि म्हणाले, पहिल्यापेक्षा जास्तच झाला, मोर ऑर लेस. माय म्हणाली, यात मोर की लेस ते तरी सांगा. ते म्हणाले, वहिनी, मोर.

पुढच्या वर्षी नोंदीची नक्कल मिळाली. मी ती पाळीवर बसून सगळ्यांना मराठीत वाचून दाखवली, आणि काकांना इंग्रजीत. "अबाउट लिवलन का?" त्यांनी विचारलं. लिहिलं होतं. अबाउट साडेतीन फूट. आठ दिवसांच्या मागेपुढे मात्र काही नव्हतं. काकांनी ते वाक्य माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटले होते.

त्या साली पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावानं काकांनाच दगडावर उतरवलं. नवा पाणकर पाळीवर उभा राहून बघत होता. पाणी छातीला लागलं. धान गर्भात आला तेव्हा खालच्या तुडुमातला बारा वर्षांचा चिखल बानं आणि काकांनी मिळून काढला. पाणी आधी काळं आलं, मग गढूळ, मग नितळ. बा बांधीच्या कडेनं पाण्याच्या पुढे पुढे चालत राहिला, पाणी त्याला गाठेपर्यंत.

काका त्यानंतर बरीच वर्षं जगले. मी आमगावला शाळेत इंग्रजी शिकवायला लागलो. वर्गात कोणी न पाहिलेली गोष्ट ठासून सांगू लागला की मी विचारतो, तीन इंच कोणी पाहिले? मुलांना कळत नाही, मी सांगत बसत नाही. एका माघात निरोप आला. मी पोचलो तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं, पण ओळख होती. त्यांचा धाकटा मुलगा म्हणाला, काल आला असतास तर बोलले असते. मी त्यांचा हात धरून बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. वय किती, असं कागदावर लिहायला कोतवालानं विचारलं. मुलाला सांगता येईना. मी म्हणालो, ठाऊक नाही. अंदाजे पंचाहत्तर लिहा.

त्या नोंदीला आता पुष्कळ वर्षं झाली. मालगुजार बदलले, दिवाणजी बदलले. आमच्या गावच्या शेपटाकडच्या एकोणीस घरांचा पाण्याचा हक्क कागदावर आहे, आणि दगडावर पाणी छातीभर चढलेल्या प्रत्येक साली खालचा तुडुम आठ दिवस उघडला गेला आहे.